दुपारची राखण

आमचे हे ज्या रविवारी चर्चमध्ये झोपले, त्या दिवशी संध्याकाळची उपासना सगळ्यांनी कुजबुजत केली. गाणी कुजबुजत, प्रार्थना कुजबुजत, आणि शेवटचा आशीर्वाद तर पाळकसाहेबांनी नुसता हात वर करून दिला. ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंनी ऑर्गनचं झाकणसुद्धा उघडलं नाही. मुलांना बूट बाहेर काढून आत यायला सांगितलं होतं, आणि ती इतकी शहाण्यासारखी बसली की त्यांच्या आयाच घाबरल्या.

एरवी नवरा उपासनेत पेंगला की बायको कोपर मारते. मी मात्र बाजूच्या बाकावर रुमालाचा बोळा तोंडाशी धरून रडत बसले होते. हा माणूस किती वर्षांनी झोपत होता, ते एक मला ठाऊक होतं आणि एक त्या वरच्याला.

ह्यांचं काम काच कापायचं. खिडक्यांच्या, कपाटांच्या, फोटोच्या चौकटींच्या काचा. टेबलावर काच आडवी ठेवायची, पट्टी धरायची आणि हिऱ्याने एकच रेघ ओढायची. मध्ये थांबायचं नाही, त्याच रेघेवर पुन्हा फिरवायचं नाही. मग हलकेच दाबलं की काच बरोबर तिथे तुटते. ह्या एका रेघेला हात आणि डोकं दोन्ही ठिकाणावर लागतात. झोप उडाल्यावर ह्यांचं दोन्हीपैकी एकही ठिकाणावर राहिलं नाही. आधी काचा वाकड्या तुटायला लागल्या, मग बोटं कापायला लागली. मालक भला, म्हणून त्याने ह्यांना टेबलावरून उठवून लोकांच्या घरी खिडक्यांची मापं घ्यायला धाडलं. तिथेही तेच. एकदा तर हे भलत्याच घरात शिरून, तिथल्या खिडकीचं माप घेऊन, चहा पिऊन परत आले.

झोप का गेली, ते कुणालाच सापडलं नाही. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या, झोपण्यापूर्वी गरम पाण्यात पाय बुडवून झाले. गोळीने पापण्या मिटायच्या, आत हे टक्क जागे. म्हणायचे, 'मी पाण्यावर नुसता तरंगत असतो गं. बुडताच येत नाही.'

आणि हे जागे म्हणजे मीही जागी. तसं कुणी मला सांगितलं नव्हतं. पण अर्धांगिनी म्हणवून घ्यायचं, तर अर्धं जागरण वाट्याला येणारच. पुढे पुढे अर्ध्यावर भागेना. हे उठून पाणी प्यायले तरी मला कळायचं, खिडकीशी गेले तरी कळायचं, आणि एकदा गच्चीच्या दाराची कडी वाजली तेव्हा माझे पाय माझ्या आधी जमिनीला लागले. हे गच्चीच्या कठड्याशी उभे होते. 'हवा खायला आलो,' म्हणाले. मी विश्वास ठेवला आणि सकाळी गच्चीची किल्ली लपवली. तेव्हापासून माझा एक कान कायम उघडा राहिला.

तर तो रविवार. सकाळची उपासना संपल्यावर प्रार्थनेच्या बायकांनी ह्यांना पहिल्या बाकावर बसवलं. त्यांच्यातली सगळ्यांत म्हातारी जी, तिला आख्खी मंडळी मोठीआई म्हणते. तिने ह्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मोठीआईची प्रार्थना म्हणजे लांबण. माहेरी आलेली बाई थोरल्या भावाला सांगते तसं ती प्रभूला सगळं पहिल्यापासून सांगते. ह्यांच्या लहानपणच्या गोवरापर्यंत ती पोचली असेल नसेल, तोच ह्यांची मान वाकली. ती थांबली. खाली वाकून ह्यांच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि म्हणाली, 'बरं, पुढचं तुला माहीतच आहे. आमेन.'

हे तिथेच आडवे झाले. चर्चच्या खिडक्यांना रंगीत काचा आहेत. दुपारभर त्यातलं ऊन ह्यांच्या अंगावरून सरकत गेलं. आधी पायांवर निळं होतं, मग पोटावर पिवळं आलं, शेवटी गालावर लाल. मी बघत बसले. छातीवरचा पिवळा तुकडा श्वासाबरोबर वर जायचा, खाली यायचा. बाहेर कुणाच्या तरी घरी रेडिओ चालू होता, तो पाण्याखालून आल्यासारखा ऐकू येत होता. मध्येच मला वाटलं, झोपलेली खरी मीच आहे आणि हे मला स्वप्नात दिसतायत. हाताला चिमटा काढून बघावंसं वाटलं, पण समजा स्वप्न असलं तर ते मोडायचं माझ्यात बळ नव्हतं.

त्या दिवसानंतर हे रोज झोपायला लागले. उशीला डोकं टेकलं की गेले. ह्यांचे हात परत स्थिर झाले, मालकाने ह्यांना पुन्हा कापायच्या टेबलावर घेतलं. पुढच्या रविवारी ह्यांनी उभं राहून साक्ष दिली. सगळ्या बायका माझे हात हातात घेऊन म्हणाल्या, 'सुटलात हो वहिनी, आता तुम्हीही सुटलात.' मी हो म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

आमच्या मंडळीत कुणी बरं झालं की चर्चला काहीतरी वस्तू देतात. बहुतेक जण घड्याळ देतात. चर्चच्या भिंतींवर आता इतकी घड्याळं झाली आहेत की पाळकसाहेब कुठल्यातरी एकाकडे बघून उपदेश संपवतात आणि लोक दुसऱ्याकडे बघून उसासे सोडतात. हे मात्र पाळकसाहेबांकडे गेले आणि म्हणाले, 'मला वस्तू द्यायची नाहीये. मला एखादं काम सांगा.'

पाळकसाहेबांनी थोडा विचार केला. म्हणाले, 'आजाऱ्याला भेटायला सगळे जातात. फळं ठेवतात, प्रार्थना करतात, निघतात. पण जो त्याची उस्तवार करतो, त्याचा घटकाभर डोळा लागावा म्हणून कुणी जात नाही. दुपारी तुमचं दुकान बंद असतं ना? तेव्हा जाऊन आजाऱ्याशेजारी बसा. घरचं माणूस तेवढं झोपेल.'

हे ह्यांना इतकं पटलं की घरी येताना रस्त्यात दोनदा थांबून मला तेच सांगितलं. ज्याने झोप दिली त्याचे आभार जागं राहून मानायचे. दुसऱ्याला झोप मिळावी म्हणून आपण राखणीला बसायचं. ह्यांचा चेहरा बाप्तिस्म्याच्या दिवशीच्या मुलासारखा झाला होता. मी म्हटलं, 'जेवून जात जा म्हणजे झालं.' तीच चूक झाली. पोटभर जेवलेला माणूस, दुपारची वेळ आणि नुकतीच परत मिळालेली झोप. पुढे काय होणार ते एखाद्या शेंबड्या पोरानेही सांगितलं असतं.

पहिलं घर लिफ्टवाल्या आजोबांचं. आजोबांनी जन्मभर एका मोठ्या कचेरीत लिफ्ट चालवली आणि आता ते अंथरुणाला खिळले होते. त्यांची एकुलती एक लेक कपडे धुण्याच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जायची, बाकी सगळा वेळ वडिलांपाशी. आजोबांचा डोळा म्हणून लागत नव्हता. कुणी खोलीत शिरलं की ते विचारायचे, 'कुठला मजला?' मजला सांगितला की त्यांचा हात हवेत कळ फिरवायचा, आणि तो माणूस बाहेर पडेपर्यंत ते डोळे मिटायचे नाहीत. प्रवाशाला मध्येच सोडून लिफ्टवाला झोपतो कसा?

हे गेले. लेकीला म्हणाले, 'ताई, तुम्ही खुशाल झोपा, मी आहे.' ती पलीकडच्या खोलीत जाऊन पडली. आजोबांनी विचारलं, 'कुठला मजला?' हे म्हणाले, 'शेवटचा.' आजोबांनी कळ फिरवली. ह्यांनी खुर्चीत पाय पसरले. खिडकीत जुना हिरवा पडदा होता, वाऱ्याने फुगत होता, पुन्हा बसत होता. ह्यांनी मला नंतर शपथेवर सांगितलं की तो पडदा किती वेळा फुगला ते आपण मोजत होतो, आणि तेवढंच आठवतं.

लेक उठून आली तेव्हा उन्हं कलली होती. दारातून बघते तो राखणदार खुर्चीत तोंड उघडं टाकून घोरतोय, आणि पलंगावर आजोबाही घोरतायत, एक थांबला की दुसरा. ती कितीतरी वेळ चौकटीला धरून उभी राहिली. वडिलांना असं झोपलेलं शेवटचं कधी बघितलं, तेही ती विसरली होती. आजोबा जागे झाल्यावर तिने विचारलं, 'बाबा, आज कशी काय झोप लागली?' तर ते म्हणाले, 'तो पाहुणा शेवटच्या मजल्यावर उतरून गेला. मग लिफ्टमध्ये कुणीच नव्हतं.'

हे मात्र शरमेने अर्धे झाले. मान खाली घालून घरी आले. मग पाळकसाहेबांकडे जाऊन कबुली दिली. 'राखणीला बसलो आणि झोपलो. मला नका पाठवू.' पाळकसाहेबांना हसू आवरेना. ते म्हणाले, 'अहो, वादळात नाव बुडायला आली होती तेव्हा प्रभूसुद्धा उशीवर डोकं ठेवून झोपला होता. त्याला कुणी कामावरून काढलं नाही. उद्या पुन्हा जा.'

मग ते सुरूच झालं. हे जातील तिथे ह्यांच्या मागोमाग झोप यायची. एक बाळंतीण होती, तिच्या तान्ह्याला दुपारभर पोटदुखी. हे त्याला छातीवर घेऊन बसले आणि दोघेही आडवे. एक शाळामास्तरीण होती, कंबरेचं हाड मोडून पडलेली, तिची बहीण तिच्या कण्हण्याने वेडी व्हायची वेळ आलेली. हे जाऊन खुर्चीत बसले, पेंगायला लागले, आणि मास्तरीणबाईंना आयुष्यभराची सवय, वर्गात कुणी पेंगलं की जांभई त्यांनाच यायची. लोक ह्यांना झोपकाका म्हणायला लागले. दुपारी हे रस्त्याने निघाले की फळवाला मुद्दाम जांभई द्यायचा आणि म्हणायचा, 'आज कुणाकडे?' हे हसायचे. ह्यांना कुणी हसलं तरी वाईट वाटत नव्हतं. ह्यांना कळून चुकलं होतं की आपल्याला मिळालेली वस्तू आपण नुसती नेऊन ठेवायची आहे, बाकी काही करायचं नाही.

आणि मी?

मी झोपत नव्हते. हे चर्चमध्ये झोपले त्या दिवसापासून एकही रात्र मी सलग झोपले नव्हते. हे घोरायला लागले की मी घोरणं ऐकत पडायची. घोरणं थांबलं की उठून बसायची, हे गेले का जागे झाले ते बघायला. कूस बदलली तरी माझं काळीज लक्कन हलायचं. आली असेल का ती परत, जागरणाची पीडा? कडी वाजली का? पाहऱ्यावरच्या कुत्र्याला चोर पकडला गेल्याचं कुणी सांगितलंच नाही, तसं माझं झालं होतं.

बोलायचं कुणापाशी? मंडळीत सांगितलं असतं तर लोकांना वाटलं असतं, प्रभूने अर्धंच काम केलं. ह्यांना सांगितलं असतं तर ह्यांची झोप उडाली असती, आणि मग पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. म्हणून तोंड शिवून बसले. पण रस्त्यात बायका भेटायच्या. लिफ्टवाल्या आजोबांची लेक तर हात धरून म्हणायची, 'वहिनी, दादा आले की आमच्या घरात काय शांती असते हो. तुम्ही किती भाग्यवान.' तिचा चेहरा झोप मिळून तुकतुकीत झालेला. मी हसायची आणि आतून जळायची. खोटं कशाला सांगू, मला तिचा हेवा वाटायचा. माझा नवरा तिच्या घरी जाऊन झोप ठेवून येत होता, आणि माझ्या घरी घोरणं तेवढं उरत होतं.

माझं काम काज-बटणाचं. कोपऱ्यावरच्या शिंपीमास्तरांकडून शर्टांचा गठ्ठा यायचा, मी खिडकीशी बसून काजं कापायची, हाताने शिवायची, बटणं लावायची. जागून जागून डोळ्यांत वाळू भरल्यासारखी झाली होती. कधी कधी दुपारी सुई हातात असतानाच खोली पांढरी पडायची, भिंती दूर जायच्या, शर्टांच्या बाह्या हळूहळू हलताहेत असं दिसायचं. तरी ती झोप नव्हती. मी मान झटकून पुन्हा दोरा ओवायची.

एके दुपारी आम्ही जेवायला बसलो होतो आणि शिंपीमास्तर स्वतः गठ्ठा घेऊन दारात उभे राहिले. मास्तर कधी येत नाहीत. त्यांनी वरचा शर्ट उचलून माझ्यासमोर धरला. म्हणाले, 'वहिनी, हा पुरुषाचा शर्ट ना?'

मी बघितलं. पुरुषाच्या शर्टाला काजं डाव्या पट्टीवर असतात, बायकांच्या उजव्या. हे लहान पोरीलाही माहीत असतं. मी उजवीवर केली होती. सगळ्या गठ्ठ्यात, एकूण एक शर्टाला, नीट, बारीक टाक्यांनी, चुकीच्या बाजूला. टाका उसवता येतो. काजासाठी कापलेलं कापड पुन्हा जोडता येत नाही.

मास्तर ओरडले असते तर बरं झालं असतं. मी उलट ओरडले असते. पण त्यांनी शर्टाची घडी घातली आणि विचारलं, 'वहिनी, तुम्ही झोपता की नाही?' मग ह्यांच्याकडे बघून म्हणाले, 'बघतो, थोडे लहान करून बायकांचे होतायत का,' आणि गेले.

ह्यांचा घास हातातच राहिला. ह्यांनी विचारलं, 'कधीपासून?'

'तुम्ही झोपायला लागल्यापासून.'

'मला बोलली का नाहीस?'

'काय बोलू? तुम्हाला देताना प्रभूजवळची संपली, माझ्यापर्यंत पुरली नाही, असं बोलू? सगळी मंडळी स्तुती करतेय, आणि मी एकटी उभी राहून सांगू, की मला अजून कडीचा आवाज ऐकू येतो?' एकदा तोंड उघडलं तसं मला थांबता येईना. 'गावाला झोप वाटत फिरता. फळवाल्यापासून बाळंतिणीपर्यंत सगळे तुमचं नाव घेतात. आणि घरात? दिव्याखाली अंधार. तुमच्यासाठी जागून जागून मला झोपायचं कसं तेच आठवत नाही. मला तुमचा राग येतो. खरं सांगू? त्याचाही येतो.' आणि मी वर बोट केलं.

ह्यांनी ताट सरकवलं. उठून हात धुतले, बूट घातले आणि बाहेर गेले. दार लागलं. मी ताटाकडे बघत बसले. म्हटलं, झालं, निघाले लिफ्टवाल्या आजोबांकडे. आजाऱ्याला ताटकळत ठेवायचं नाही ना.

तेवढ्यात दार वाजलं.

'कोण आहे?'

'पाळकसाहेबांनी पाठवलंय. दुपारचा बसायला आलोय.'

मी दार उघडलं. हे उंबऱ्याबाहेर उभे, एका हाताने दुसरा हात धरून, परक्याच्या घरी उभं राहावं तसे. मी म्हटलं, 'थट्टा सुचते का तुम्हाला?'

'थट्टा नाही गं,' हे म्हणाले. 'घरातला माणूस म्हणून बसलो तर तू माझीच काळजी करत बसशील. मला पाहुणा म्हणून आत घे.'

मी बाजूला झाले. ह्यांनी बूट काढून दाराशी नीट जोडून ठेवले. घरी कधी ठेवत नाहीत. खुर्ची उचलून पलंगाच्या पायथ्याशी आणली. उशाशी बसलं की आजाऱ्याला दडपण येतं, ते ह्यांना घरं फिरून कळलं होतं. पडदा ओढला, सगळा नाही, एक फट ठेवली. मग म्हणाले, 'तुम्ही खुशाल झोपा, मी आहे.' लग्नानंतर ह्यांनी मला पहिल्यांदाच 'तुम्ही' म्हटलं. मला हसू आलं आणि रडूही आलं, आणि मी आडवी झाले.

मी वाट बघत होते ह्यांच्या घोरण्याची. सगळ्यांकडे तसंच तर होतं. आधी हे पेंगणार, मग घोरणार, मग घरातले सगळे. पडद्याच्या फटीतून उन्हाची एक पट्टी जमिनीवर पडली होती. खाली अंगणात कुणीतरी सतरंजी झटकत होतं. वेळ गेला. घोरणं येईना. मी ह्यांचा श्वास ऐकला, आणि तो कुठला श्वास ते मला लगेच कळलं. इतकी वर्षं दुसरं काय ऐकत होते मी? तो जाग्या माणसाचा श्वास होता.

'अहो, झोपा ना तुम्ही.'

'येत नाहीये.'

मी उठायला गेले तर ह्यांनी माझ्या पावलावर हात ठेवला.

'गेली का परत?' मी विचारलं.

'माहीत नाही.'

'भीती वाटते?'

'वाटते,' हे म्हणाले. 'फार वाटते. पण तू झोप. मी जागा आहे.'

'मी जागा आहे' हे ह्यांचं वाक्य मी हजार वेळा ऐकलं होतं. अंधारात, रडवेल्या आवाजात, मदत मागताना. त्या दुपारी ते पहिल्यांदा माझ्यासाठी होतं. हे घाबरले होते, आणि तरी हे डोळे उघडे ठेवून बसले होते. लोकांच्या घरी ह्यांनी जी झोप नेली ती ह्यांच्याकडे भरपूर होती. जागं राहणं मात्र ह्यांना जिवावरचं होतं, आणि ते ह्यांनी माझ्या घरी आणलं होतं. मला वाटलं, आता दोघांनी जागं राहायची काय गरज आहे. एक जण पाहऱ्यावर आहे की.

सतरंजी झटकण्याचा आवाज लांब लांब गेला. पावलावरचा हात तेवढा राहिला. जमिनीवरची उन्हाची पट्टी रुंद झाली, तिच्यात जाळीचं दार होतं, आणि दाराशी लिफ्टवाले आजोबा कडक इस्त्रीचा गणवेश घालून उभे होते. मी आत गेले. त्यांनी काहीच विचारलं नाही, मजला त्यांना ठाऊक होता. आम्ही खाली खाली निघालो. एकेका मजल्यावर शर्ट वाळत घातलेले होते, पांढरे, बिनकाजांचे, बिनबटणांचे. खिडक्यांना निळ्या पिवळ्या काचा होत्या. एका मजल्यावर मोठीआई कुणाशी तरी बोलत बसली होती, माझ्या लहानपणचं काहीतरी सांगत होती, आणि ज्याला सांगत होती तो हसत होता. मला थांबून ऐकायचं होतं. पण मग तेही नको झालं.

जाग आली तेव्हा फटीतलं ऊन गेलं होतं. खोली राखाडी झाली होती. हे तसेच बसले होते, ताठ, डोळे लाल, हात माझ्या पावलावर.

'लागली का गं झोप?' ह्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

'मला काय विचारता? मी इथे नव्हतेच.'

हे हसले. हसता हसता ह्यांचा चेहरा वाकडा झाला, आणि हे पलंगाच्या कडेवर डोकं ठेवून लहान मुलासारखे रडले. मी ह्यांच्या केसांवरून हात फिरवत राहिले. म्हटलं, 'प्रभू, तुला मी काय काय बोलले. ऐकलंस तेवढं पुरे, लिहून ठेवू नकोस.' हुंदके कमी झाले. मग थांबले. मी वाकून बघितलं तर हे खुर्चीतून अर्धे पुढे झुकून, गादीवर गाल दाबून गाढ झोपले होते. तोंड उघडं होतं. झोप कुठेही गेलेली नव्हती.

मी ह्यांना हळूच पलंगावर ओढलं, दुपारची उष्टी ताटं उचलून मोरीत ठेवली आणि चेहऱ्यावर पाणी मारलं. अंग कसं हलकं, जरासं परकं वाटत होतं. मग एकदम आठवलं. आज लिफ्टवाल्या आजोबांकडे कुणीच गेलं नव्हतं.

मी दार ओढून घेतलं आणि निघाले. जिन्यातून उतरताना लक्षात आलं की ह्यांचा श्वास ऐकायला मी थांबले नव्हते. रस्त्यावर दिवे लागत होते, दुकानांच्या काचांत माणसं उलटसुलट चालत होती, आणि फळवाला फळांवर ओलं फडकं पसरत होता. त्याने मला बघून जांभई दिली. मीही त्याला दिली, खरीखुरी.

लेकीने दार उघडलं. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले. आतून आजोबांचा आवाज येत होता, पुन्हा पुन्हा मजला विचारणारा. ती म्हणाली, 'दादा आले नाहीत आज. मला वाटलं, काही बरंवाईट झालं की काय.'

'आज ते दुसऱ्या घरी बसले होते.'

'कुणाकडे? कोण आजारी आहे?'

'होती एक,' मी म्हटलं. 'आता बरी आहे.'

ती मला आत घेऊन गेली. मी बूट दाराशी ठेवले, खुर्ची पायथ्याशी सरकवली. तिला म्हटलं, 'तू जाऊन पड. मी बसते.'

ती घुटमळली. मला काही पाळकसाहेबांनी पाठवलेलं नव्हतं, पण सकाळपासून तीही पार गळून गेली होती. शेवटी तिने विचारलं, 'वहिनी, पण तुम्हालाच झोप आली तर?'

'आली तर येऊ दे,' मी म्हणाले.